बोटीवर जा, मेजवानी राहू द्या

प्रश्न : मी मूळची गुहागर तालुक्यातील असून रत्नागिरी जिल्ह्याच्या खाड्यांमधील कालवांवर (ऑयस्टरवर) पीएच.डी. करत आहे. येत्या जूनमध्ये नॉर्वेतील बर्गन येथे होणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत माझे पोस्टर (संशोधन मांडणारा फलक) स्वीकारले गेले आहे. विमानभाडे आणि नोंदणीशुल्क अनुदानातून मिळेल. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत रविवारी संध्याकाळी स्वागतसमारंभ, बुधवारी दुपारी फ्योर्डमधील (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्रातील) बोटीची सहल आणि गुरुवारी रात्री मेजवानी आहे. स्वागतसमारंभ नोंदणीशुल्कात धरलेला आहे. मात्र सहलीचे ९५० आणि मेजवानीचे १,४०० क्रोन वेगळे भरायचे आहेत आणि ते अनुदानात बसत नाहीत. माझे मार्गदर्शक म्हणतात, ‘पोस्टर लाव, व्याख्याने ऐक आणि परत ये, सहली करायला सरकार पैसे देत नाही.’ वडील म्हणतात, ‘आंब्याचे पैसे आले की देतो, तू जा.’ मला इंग्रजी लिहिता-वाचता येते, पण बोलताना अडखळायला होते. मी मद्य घेत नाही, गुरुवारी माझा वार असतो आणि अनोळखी माणसांत गेले की काय बोलावे हेच सुचत नाही. हे कार्यक्रम टाळले तर काही बिघडेल का?

उत्तर : तुमच्या तीन कार्यक्रमांना माझी तीन निरनिराळी उत्तरे आहेत. स्वागतसमारंभ चुकवू नका, बोटीच्या सहलीचे पैसे वडिलांकडून निःसंकोचपणे घ्या आणि मेजवानी राहू द्या.

आधी तुमच्या मार्गदर्शकांविषयी लिहिते, कारण त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. परिषदेच्या नावाखाली आठ दिवस हिंडून, एकही व्याख्यान न ऐकता परतलेली माणसे त्यांनी पाहिली असणार. मीही पाहिली आहेत. परंतु कार्यक्रमपत्रिका नीट पाहा. बुधवारी दुपारी एकही सत्र ठेवलेले नसणार, कारण ती दुपार आयोजकांनी मुद्दाम मोकळी सोडलेली असते. त्या वेळी खोलीत बसलात तरी कोणतेही व्याख्यान तुमच्या पदरात पडणार नाही. हीच पत्रिका त्यांच्यासमोर ठेवा आणि सहलीचा खर्च अनुदानातून मागणार नसल्याचेही सांगा. त्यांचा आक्षेप बहुधा पैशांच्या हिशेबाला आहे, बोटीला नाही.

आता सहल का करावी, ते सांगते. परिषदेतील व्याख्यान बारा-पंधरा मिनिटांचे असते आणि त्यानंतर प्रश्नांना जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात माणूस आपले जमलेले काम मांडतो. न जमलेले काम मांडायला कोणी व्यासपीठावर चढत नाही. वास्तविक तुम्हाला गरज असते ती न जमलेल्या कामाची. कोणता सापळा पहिल्याच उधाणात वाहून गेला, कोणत्या रसायनाने नमुने काळे पडले, तीन वर्षांची आकडेवारी कोणत्या क्षुल्लक चुकीमुळे टाकून द्यावी लागली, हे शोधनिबंधात छापले जात नाही. बोटीच्या कठड्याला टेकून, वारा खात उभी असलेली माणसे मात्र ते सहज बोलून जातात.

याची दोन नामांकित उदाहरणे आहेत आणि गंमत म्हणजे दोन्ही समुद्रकाठची आहेत. १९७२ साली हवाईतील होनोलुलू येथे जिवाणूंमधील प्लाझ्मिडांवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या वर्तुळांवर, एक परिषद भरली होती. हर्बर्ट बॉयर सॅन फ्रान्सिस्कोत आणि स्टॅन्ली कोहेन स्टॅनफर्डमध्ये काम करत होते. म्हणजे दोघांच्या प्रयोगशाळांमधील अंतर रस्त्याने तासाभराचे. तरीही त्यांच्या कामाची सांगड जुळली ती हजारो किलोमीटर दूर, वायकिकीच्या किनाऱ्याजवळच्या एका खाद्यगृहात, रात्री उशिरा सँडविच खाताना. बॉयर यांना डीएनए ठरावीक जागी कापता येत होता, कोहेन यांना प्लाझ्मिड जिवाणूत शिरवता येत होता. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, त्यातून जनुकीय अभियांत्रिकीचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध झाला. दुसरे उदाहरण २०११ चे. पोर्तो रिकोतील सान हुआन येथे सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदेत इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना प्रथमच भेटल्या आणि जुन्या शहराच्या दगडी गल्ल्यांतून हिंडताना त्यांनी एकत्र काम करायचे ठरवले. २०१२ मध्ये त्यांचा क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राविषयीचा निबंध आला आणि २०२० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल.

या गोष्टी सांगितल्या की विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात, म्हणून लगेच तिसरीही सांगायला हवी. १९५१ साली नेपल्सच्या सागरी प्राणिशास्त्र केंद्रात एक बैठक झाली. तिथे मॉरिस विल्किन्स यांनी डीएनएचे क्ष-किरण छायाचित्र दाखवले आणि पुढे डीएनएची रचना उलगडणारे तरुण जेम्स वॉटसन भारावून गेले. त्यानंतर पेस्टम येथील ग्रीक मंदिरे पाहण्याची सहल होती. तिथे वॉटसन यांनी विल्किन्स यांच्याशी संधान बांधायचा बराच प्रयत्न केला, पण हाती काही लागले नाही. त्यांना पुढची दिशा दिली ती व्याख्यानात पाहिलेल्या त्या छायाचित्राने. तेव्हा सहलीला जाताना फार मोठा हेतू मनात धरून जाऊ नका. मोठ्या माणसाला गाठायचेच, असे ठरवून गेलेला मनुष्य दुरूनच ओळखू येतो आणि लोक त्याला टाळतात.

माझा स्वतःचा अनुभव याहून खूप लहान आहे. पहिल्यांदा परदेशी परिषदेला गेले तेव्हा मी सहलीचे पैसे वाचवले आणि ती दुपार खोलीत बसून घरून नेलेला चिवडा खात स्वतःचेच भाषण पाठ करण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सगळे एकमेकांना नावाने हाक मारत होते आणि आदल्या दिवशीच्या कोणत्या तरी प्रसंगावर हसत होते. मला कोणी दूर ठेवले नव्हते. मीच एक दिवस मागे राहिले होते, आणि तो दिवस आठवडा संपेपर्यंत भरून निघाला नाही. पुढच्या परिषदेत मी ओहोटीच्या वेळी किनारा पाहण्याच्या सहलीला गेले. तिथे माझ्या शेजारून चालणारी बाई कोणी प्राध्यापक नव्हती, एका केंद्रातील तंत्रसहायक होती. कालवांचे बीज बसावे म्हणून आम्ही कौलांना चुना लावत होतो आणि तो दोन भरत्यांतच धुऊन जात होता, असे मी सहज बोलले. तिने चुन्यात बारीक वाळू मिसळायला, एकाऐवजी दोन पातळ थर द्यायला आणि पहिला थर सावलीत पुरता वाळल्याशिवाय दुसरा न लावायला सांगितले. चुना लावावा हे पुस्तकात होते. तो सावलीत वाळवावा हे मला तिच्याकडून कळले. आमचा पुढचा हंगाम त्या एका वाक्याने वाचला.

तुम्हाला अनोळखी माणसांत बोलणे सुचत नाही म्हणता, पण गुहागरहून रत्नागिरीला येताना तुम्ही तवसाळ-जयगड फेरीबोटीने कित्येकदा आला असाल. दुचाकीला टेकून उभा असलेला माणूस पलीकडच्या माणसाला काय विचारतो? ‘तुम्ही कुठचे?’ त्यानंतर गाव, वाडी, कोणाच्या घरातले, आणि धक्का येईपर्यंत दोघांचा समाईक पाहुणा निघालेला असतो. परिषदेच्या बोटीवर याहून वेगळे काही चालत नाही. तुम्ही कुठून आलात, कशावर काम करता, कोणाच्या प्रयोगशाळेत, आणि मग समाईक पाहुण्याच्या जागी समाईक शोधनिबंध निघतो. शिवाय लाजऱ्या माणसाला समोरासमोर बसण्यापेक्षा कठड्यापाशी शेजारी उभे राहून बोलणे सोपे जाते. नजर पाण्याकडे ठेवता येते आणि मध्येच गप्प राहिले तरी ते वावगे दिसत नाही. मेजवानी सोडायला सांगते, त्याचे हेही एक कारण आहे. तिथे तीन तास ठरलेल्या खुर्चीवर, ठरलेल्या दोन शेजाऱ्यांमध्ये बसावे लागते, आणि गोंगाटात अडखळणारे इंग्रजी आणखीच अडखळते.

इंग्रजीचे म्हणाल तर परिषदेत जमलेल्यांपैकी बहुतेकांची ती मातृभाषा नसते. जपानी, स्पॅनिश, नॉर्वेजियन माणसे आपापल्या वळणाने ती बोलतात आणि व्याकरणाच्या चुका मोजायला कोणाला सवड नसते. तरीही तयारी करा. आपले काम दोन मिनिटांत, एकही संक्षेप न वापरता, मत्स्यशास्त्राबाहेरच्या माणसालाही कळेल असे मोठ्याने म्हणून पाहा. घरात ऐकायला कोणी नसेल तर फोनवर ध्वनिमुद्रित करून स्वतःच ऐका. फोनमध्ये सात-आठ छायाचित्रे वेगळी काढून ठेवा : ओहोटीला उघडी पडलेली खाडी, खडकांवरून कालवं काढणाऱ्या बाया, कांदळवनाच्या मुळांना चिकटलेली कालवं, तुमचे नमुने घेण्याचे ठिकाण. शब्द अडले की छायाचित्र पुढे करता येते, आणि खरे सांगायचे तर तुमच्या पोस्टरवरील आलेखांपेक्षा ओटीत कालवं घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईविषयी तुम्हाला जास्त प्रश्न विचारले जातील.

एक छायाचित्र माझ्या आग्रहाखातर न्या : वाळत घातलेल्या बोंबलांचे. बर्गनच्या जुन्या धक्क्यावर ब्रिग्गेन नावाची लाकडी घरांची रांग आहे. तिला १९७९ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मध्ययुगात तिथे हान्सा या जर्मन व्यापारी शहरांच्या संघातील व्यापाऱ्यांची पेढी होती आणि उत्तर नॉर्वेतून येणारा सुका कॉड मासा हा त्या व्यापाराचा कणा होता. हा कॉड मीठ न लावता, दोन-दोन मासे शेपटीशी बांधून, लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात टांगून सुकवतात. आपल्याकडे बोंबीलही मिठाशिवायच, जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून काठ्यांवर टांगतात. फरक इतकाच, की आपल्याकडे ऊन काम करते आणि तिथे थंडी. नॉर्वेतल्या कोणालाही हे छायाचित्र दाखवा आणि पुढचा अर्धा तास तुम्हाला विषय शोधावा लागतो का, ते पाहा.

बोटीवर चढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कुठे तरी मराठी किंवा हिंदी कानावर पडेल. जरूर जा, बोला, घरचा चिवडा काढा; परंतु अर्ध्या तासाने तिथून उठा, नाही तर चार तासांची सहल आपण आपल्याच अंगणात बसून काढली असे होते. फार मोठी नावे शोधत बसू नका. तुमच्यासारखेच पीएच.डी. करणारे, नुकतीच नोकरी लागलेले आणि प्रयोगशाळेचे तंत्रसहायक यांच्यापाशी वेळ असतो आणि हाताने काम केल्याचा अनुभवही ताजा असतो.

मद्याचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका अवघड नाही. स्वागतसमारंभात तबकावर रस आणि पाणीही असते. हातात भरलेला पेला असला की कोणी दुसरा पुढे करत नाही. कोणी विचारलेच तर ‘मी घेत नाही’ एवढे पुरे. त्याला कारण जोडायला गेलात की चर्चा सुरू होते. याच संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते, कारण पत्रात ती नाही पण तुमच्या मनात असेल. कामाविषयी बोलू म्हणून रात्री कोणी खोलीवर किंवा एकटीला बारमध्ये बोलावले तर नाही म्हणा, आणि त्याने आपले नुकसान होईल असे मनात आणू नका. ज्याला कामाविषयीच बोलायचे आहे तो उद्या चहाच्या वेळीही बोलेल. अनेक परिषदांची आता वर्तनसंहिता असते आणि तक्रार कोणाकडे करायची तेही त्यात लिहिलेले असते. निघण्यापूर्वी ते नाव पाहून ठेवा.

एका बाबतीत मात्र सहलीवर सावध राहा. गप्पा रंगल्या की कोणी तरी सहज म्हणते, ‘तुमच्या खाडीतील कालवांचे थोडे नमुने पाठवा ना, आम्ही जनुकीय तपासणी करून देतो.’ उत्साहाच्या भरात होकार देऊ नका आणि बॅगेत शिंपल्यांचे तुकडेही नेऊ नका. जैवविविधता कायदा, २००२ नुसार आपल्याकडील जैविक संसाधने संशोधनासाठी परदेशी संस्थेला देण्यास नियम आहेत आणि चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागू शकते. ‘मार्गदर्शकांशी बोलून आणि नियम पाहून कळवते’ असे सांगा. समोरचा मुरलेला संशोधक असेल तर त्याला यात काहीच वावगे वाटणार नाही, आणि तुमच्या मार्गदर्शकांना हे कळले की तुम्हाला सहलीला जाऊ दिल्याचे समाधान वाटेल.

भेटवस्तू न्यायचीच असेल तर पाकीटबंद काजू न्या. पेढे, बर्फी नको, कारण युरोपीय क्षेत्राबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेण्यास मनाई आहे.

व्हिसाचे काम आताच हाती घ्या. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, आहे. त्यामुळे अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो, पण इतके ताणू नका. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परिषदेनंतर एखादा दिवस राहणार असाल तर तो दिवस विम्यात, व्हिसाच्या अर्जात आणि संस्थेच्या रजेच्या आदेशात, तिन्हीकडे सारखाच दिसला पाहिजे. या तीन कागदांचा मेळ बसला नाही म्हणून अडलेले लोक मला माहीत आहेत.

कपड्यांविषयी थोडे. तुम्ही निघाल तेव्हा आपल्याकडे १ जूनपासूनची मासेमारीबंदी सुरू होऊन होड्या वर ओढलेल्या असतील आणि पाऊस दारात असेल; म्हणून बर्गनच्या पावसाला तुम्ही हसाल. तिथे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो, पण वर्षभराची बेरीज रत्नागिरीच्या चार महिन्यांपुढे फिकी पडते. त्रास देतो तो पावसाचा गारठा. जूनमध्येही दिवसाचे तापमान १५-१६ अंशांच्या आसपास असते आणि चालत्या बोटीवर वारा ते आणखी खाली आणतो. छत्री तिथे पहिल्या झोतातच उलटी होईल. टोपी असलेला वारारोधक रेनकोट, आत लोकरीचा एक थर आणि ओल्या फळीवर न घसरणारे बूट घ्या. आपल्या आजीचे इरले तिथे सर्वांत कामाला आले असते, पण ते विमानात कसे न्यायचे हे मला सांगता येणार नाही.

आता पैशांचे. एक क्रोन सुमारे आठ रुपयांचा धरला तर सहलीचे साडेसात हजारांवर आणि मेजवानीचे अकरा हजारांवर होतात. त्याच्या पेट्या किती, हे वडील तुमच्यापेक्षा चटकन सांगतील. त्यांना हा आकडा आधीच मोकळेपणाने सांगा. ‘जा’ म्हणताना त्यांच्या मनात काही वेगळीच रक्कम असू शकते. त्याआधी आयोजकांना एक छोटे पत्र पाठवा. आपण विद्यार्थिनी आहोत, सहलीचे शुल्क अनुदानात बसत नाही, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे का, किंवा नोंदणीच्या टेबलावर मदतनीस म्हणून काम केल्यास शुल्क माफ होते का, एवढेच विचारा. पुष्कळ परिषदांत अशी सोय असते आणि न विचारणाऱ्यांना ती मिळत नाही. मात्र उत्तराची वाट पाहत मुदत घालवू नका; बोटीवर मोजक्याच जागा असतात.

सहलीहून परतल्यावर झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे वहीत लिहा : कोण भेटले, काय म्हणाले, आपण काय पाठवायचे कबूल केले. घरी आल्यावर आठवड्याच्या आत त्यांतील तिघा-चौघांना पत्र टाका आणि त्यात बोटीवरच्या बोलण्यातील एक नेमकी गोष्ट लिहा. ‘तुम्हाला भेटून आनंद झाला’ एवढ्याच मजकुराची पत्रे त्यांना ढिगाने येतात.

राहिली गुरुवारची रात्र. मेजवानीला न जाणाऱ्या तुम्ही एकट्याच नसाल. ज्यांना ते पैसे परवडत नाहीत असे विद्यार्थी प्रत्येक परिषदेत असतात आणि बुधवारच्या बोटीवर त्यांची ओळख झालेली असेल. शहराला लागूनच फ्लोयेन नावाचा डोंगर आहे, उंची सुमारे ३२० मीटर. १९१८ पासून वर जायला दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे, पण पायवाटही चांगली आहे आणि सड्यावर चढउतार करणाऱ्या मुलीला ती काहीच वाटणार नाही. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवायच्या वेळी निघालात तरी उजेडातच खाली याल. दुकानातून पाव, चीज आणि फळे घेऊन चार-पाच जण वर जा. तुमचा वारही त्यात आपसूक पाळला जाईल.